फुलाजवळचा ठिपका

पौष लागला की निफाडकडून येणाऱ्या वाऱ्याला धुराचा वास असतो. बागांमध्ये द्राक्षाचे मणी भरत आलेले असतात आणि पहाटे थंडी फार उतरली तर ते तडकतात, म्हणून बागाईतदार बांधाबांधावर शेकोट्या करतात. त्यात जाळ नको असतो, धूर हवा असतो. ओला पाला, छाटणीच्या काड्या, भुसा, जे धुमसत राहील ते घालतात आणि त्या धुराचं पांघरूण बागेवर ठेवून उन्हाची वाट बघतात. मी शाळेत जायला निघते तेव्हा नाशिकरोडच्या पुलावरून पूर्वेकडे काही दिसत नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या कुठे संपल्या आणि धुकं कुठे सुरू झालं ते कळत नाही. फक्त चिमण्यांवरचे तांबडे दिवे अधांतरी लुकलुकत असतात.

लोकांना ही थंडी आवडते. मलाही आवडायची. पण बऱ्याच वर्षांपूर्वीच्या त्या एका हिवाळ्यानंतर हा वास आला की माझी मान आपोआप दाराकडे वळते, बेल वाजलेली नसली तरी.

माझी मोठी बहीण शोभाताई एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केमिस्ट होती. बॉयलरमध्ये जाणारं पाणी तपासायचं हे तिचं काम. दोन चंचुपात्रांतलं पाणी दिसायला अगदी सारखं असतं, म्हणून तर तपासावं लागतं, असं ती म्हणायची. लग्न तिने केलं नाही. वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये एकटी राहायची. खिडकीच्या कठड्यावर रोज सकाळी राखेचा पातळ थर बसलेला असायचा आणि ती तो रोज पुसायची, त्याबद्दल कधीही तक्रार न करता.

नाण्यांचा नाद तिला लागला तो आईच्या देव्हाऱ्यातल्या रुपयामुळे. आमचं आजोळ चांदवडचं. होळकरांच्या काळात तिथे टांकसाळ होती आणि तिथला चांदीचा रुपया एके काळी साऱ्या मुलखात चालत होता. असा एक काळपट, जाड, वेडावाकडा गोल रुपया आई लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायची. आम्हाला त्याच्यावरचं काही वाचता येत नसे. ताईने मात्र मोठेपणी मालेगावच्या एका सहकाऱ्याकडून फारसी अक्षरं शिकून घेतली आणि एका दिवाळीत ताटातला रुपया उचलून दिल्लीच्या बादशहाचं अर्धवट नाव आम्हाला वाचून दाखवलं. अर्धवटच, कारण तो रुपया हाताने ठोकलेला. ठसा मोठा असायचा आणि चांदीची चकती लहान. कारागिराचा हातोडा जसा पडेल तसा मजकुराचा एखादा तुकडा चकतीवर उमटायचा आणि बाकीचा बाहेरच राहायचा. "पूर्ण वाक्य एकाही नाण्यावर नसतं," ताई म्हणाली होती, "आणि दोन नाण्यांवर एकच तुकडा सापडत नाही." तिच्या आवाजात तेव्हा एरवी कधी नसायचा असा ओलावा होता. मला नाण्यांत गोडी नव्हती, पण तो आवाज मला आवडला होता.

त्या हिवाळ्याच्या आदल्या दिवाळीत आमच्या ह्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट. जोडणी होताना यंत्र आधी कण्हायचं, मग किंचाळायचं आणि मग गप्प व्हायचं. ताई सुटीच्या दिवशी बसने यायची, स्वेटरच्या बाह्या वर सारून खुर्चीत बसायची आणि जुन्या वस्तूंचा लिलाव चालणारं एक संकेतस्थळ उघडायची. तारेचा वेग इतका कमी की नाण्याचं चित्र वरून खाली एकेक रेघ करत उतरायचं. आधी कडेचा काळा कंस, मग अक्षरांची डोकी, मग पोट. पडद्याआडून कुणीतरी हळूहळू तोंड बाहेर काढतंय असं मला वाटायचं. ताई मात्र एकटक बघत राहायची आणि अर्धं चित्र उतरायच्या आत म्हणायची, "खोटं आहे."

तिथल्या नाण्यांवरची माहिती बहुतेक वेळा चुकीचीच असायची. कुठे निजामाच्या रुपयाला मराठ्यांचा रुपया म्हटलेलं, कुठे तांब्याचा मामुली पैसा 'अति दुर्मीळ' म्हणून मांडलेला, कुठे जत्रेत मिळतो तसला पितळी बिल्ला शिवकालीन होऊन बसलेला. विक्रेत्याला प्रश्न विचारायला खाली एक छोटी चौकट असे. ताई त्या चौकटीत लिहायला लागली. इंग्रजीत, सरकारी टिपणीसारखं नीटनेटकं: महोदय, आपण मांडलेल्या नाण्याच्या वर्णनात पुढील चूक आढळते. खाली आपलं पूर्ण नाव आणि गाव.

उत्तरं तऱ्हेतऱ्हेची यायची. एकाने लिहिलं, घ्यायचं नसेल तर पुढे जा. एकाने तिलाच प्रतिस्पर्धी दुकानदार ठरवलं. कुठल्याशा गावच्या एका बाईंनी मात्र लिहिलं की ही माझ्या वडिलांची नाणी आहेत, ते गेले, मला यातलं काही समजत नाही, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. त्यांनी वर्णन बदललं त्या दिवशी ताई आमच्याकडे जेवायला थांबली आणि तिने दोनदा आमटी मागून घेतली.

"कशाला एवढी डोकेफोड करतेस?" मी तिला विचारलं होतं.

"अगं, एखादा शाळकरी पोरगा हे वाचेल आणि तेच खरं धरून मोठा होईल," ती म्हणाली. "चूक दिसली आणि गप्प बसले तर ती माझीही झाली."

मार्गशीर्षात कधीतरी चांदवडी रुपया विकणारा एक विक्रेता तिला दिसला. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद; त्यावरून त्याने स्वतःला 'गुलशन' म्हणवून घेतलं होतं. त्याचे दोन रुपये मांडलेले होते. ताईने दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि मला हाक मारली. "बघ मीने, अक्षर कुठे तुटलंय ते बघ. दोन्हींवर एकाच जागी. ही ठोकलेली नाहीत, एका साच्यातून ओतलेली आहेत." तिने तसं लिहिलं. मला वाटलं, आता शिवीगाळ येणार.

आलं ते आभाराचं पत्र. इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी: ताई, तुमचे उपकार झाले. मला कुणीतरी फसवून विकलीत. आपण जवळचेच दिसता. अजून काय बघायचं असतं, शिकवाल का? त्याने दोन्ही नाणी लगेच काढूनही टाकली.

ताई हरखली. इतक्या दिवसांत शिकवा म्हणणारा कुणी भेटलाच नव्हता. तिने त्याला सविस्तर लिहिलं. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन फाळक्यांची शिवण राहते. पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत, मऊ दिसतात. हाताने ठोकलेल्या नाण्यात धातू दाबला जाऊन बाहेर पसरतो, अक्षराच्या बुडाशी त्याच्या ताणाच्या रेघा दिसतात. वजन अमुक असावं, आवाज असा यावा. तो दर वेळी एखादाच प्रश्न विचारायचा, आणि तो प्रश्न नेमका असायचा. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यासारखा. मी शिक्षिका आहे, असे विद्यार्थी कसे सुखावतात ते मला ठाऊक आहे.

जानेवारीत थंडी कडक पडली. शाळेत मुलं तोंडातून वाफ सोडून बिडी ओढल्याची नक्कल करत होती. त्या रविवारी ताई आली, यंत्र कण्हलं, किंचाळलं, गप्प झालं, आणि गुलशनचे नवे रुपये वरून खाली उतरू लागले. मी स्वयंपाकघरात बाजरीची भाकरी थापत होते. बराच वेळ बाहेरून काही आवाज नाही म्हणून डोकावले. ताई मांडीवर हात ठेवून बसली होती.

"काय झालं?"

"कडेला शिवण नाहीये," ती म्हणाली.

"मग चांगलं आहे की."

"छिद्रं नाहीत. वजन बरोबर दिलंय. तीन नाणी आहेत आणि तिन्हींवर अक्षर वेगवेगळ्या जागी तुटलंय." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मी सांगितलं तसंच आहे सगळं. पण अक्षरांमधल्या या फुलाची पाकळी बघ. डावीकडची जरा आखूड. आधीच्या दोन नाण्यांवरही आखूडच होती. तोच हात आहे मीने. त्याने वर्णन नाही दुरुस्त केलं. नाणं दुरुस्त केलं."

भाकरी करपल्याचा वास आला तरी आम्ही दोघीही पडद्यासमोरून सरकलो नाही.

त्या दिवसापासून तिने त्याला उत्तर देणं थांबवलं. तिला वाटलं, एवढ्यावर मिटेल. पण पुढच्याच आठवड्यात मनमाडहून साळवेकाकांचा फोन आला. काका रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. नाण्यांच्या नादातूनच ताईची आणि त्यांची ओळख झाली होती आणि ते तिला लेकीसारखं वागवत. काहीतरी दाखवायचंय, लवकर ये, एवढंच ते म्हणाले. ताईने मला सोबत घेतलं. मनमाडची गाडी धुक्यामुळे उशिरा आली. वाटेत लासलगावला फलाटापलीकडे कांद्याचे ट्रॅक्टर उभे होते, त्यांचे चालक कानांना मफलर बांधून स्टिअरिंगवर वाकलेले.

काकांनी कापसात गुंडाळलेला रुपया तिच्या तळहातावर ठेवला. पुतण्याकडून संकेतस्थळावरून मागवून घेतला होता. "तुला आधी विचारणार होतो बेटा, पण म्हटलं सरप्राइज देऊ. आणि विचारायची गरज नव्हती. त्या माणसाने लिहिलंच होतं असं की वाटलं तूच बोलतेयस. कडेला शिवण नाही, धातू बाहेर पसरलेला, अक्षराच्या बुडाशी ताणाच्या रेघा. एवढं जाणून लिहिणारा खोटं कशाला विकेल?"

ताईने रुपया उजेडात धरला, उलटवला. काकूंनी चहा आणला, तो तिच्यासमोर निवत गेला. काका तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काका, हा खोटा आहे."

"नीट बघ."

"बघितला. ही कड मी सांगितली तशी केलीय. या रेघाही मीच सांगितल्या होत्या." मग तिने त्यांना सगळं सांगितलं.

बाहेर यार्डात डबे जोडल्याचा धडाका झाला आणि खिडकीची काच थरथरली. "तू नसतं सांगितलंस तरी चाललं असतं बेटा," काका म्हणाले. "आता या वयात मी कुणाला दाखवणार होतो?" त्यांनी रुपया परत कापसात गुंडाळला. तक्रार करू म्हटलं तर नको म्हणाले. पोरं हसतील, म्हणाले.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली होती. "मी लिहिलं नाही तर लोक फसतात," ती म्हणाली, "आणि लिहिलं तर त्यांना फसवायचं कसं ते तो शिकतो."

तिच्या मौनावर गुलशनचे निरोप येऊ लागले. आधी साधेच. ताई, बरेच दिवस उत्तर नाही. मग, तब्येत बरी आहे ना? मग, एकलहऱ्याला थंडी फार म्हणतात, काळजी घ्या. मग एकदा नुसतंच, ताई रागावल्या का? धमकी म्हणावी असा एकही शब्द त्यात नव्हता. तरी आमचे हे म्हणाले, हे यंत्र काही दिवस बंदच ठेवूया. आम्ही त्यावर कापड टाकून ठेवलं. पण आता त्या कापडाखाली कुणीतरी दबा धरून बसलंय असं वाटायचं आणि मी केर काढताना त्या कोपऱ्याला वळसा घालायची.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी मी ताईकडे तिळाच्या वड्या घेऊन गेले होते. दुपारचं ऊन होतं, पण पिवळं, ताकद नसलेलं. बेल वाजली. दारात पस्तिशीचा एक माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर बिनबाह्यांचं स्वेटर, हातात द्राक्षांची पुठ्ठ्याची पेटी.

"नमस्कार ताई. मी गुलशन."

ताईने दाराची कडी धरून ठेवली होती. "वसाहतीत आत कसे आलात?"

"गेटवर सांगितलं, भाऊ हाय म्हणून." तो ओशाळल्यासारखा हसला. "खोटं थोडंच हाय ते? तुम्ही मला शिकवलं. हे घ्या. आमच्या मेव्हण्याच्या बागेतली हायेत, पहिला तोडा." मग त्याची नजर माझ्याकडे वळली. "या तुमच्या धाकट्या बहीण ना? नाशिकरोडला शाळेत असतात त्या."

त्याने हे अगदी सहज म्हटलं. कुणी पाहुण्याने ओळख दाखवावी तसं. माझ्या हातातला वड्यांचा डबा मी टेबलावर ठेवला आणि ताईशेजारी जाऊन उभी राहिले.

ताईने त्याला बसायला सांगितलं. त्याने खिशातून रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि त्यावर तीन रुपये मांडले. "यातला एक चांदवडचा अस्सल हाय. दोन आमचे. तुम्ही बघा. घाई नाय."

ताईने भिंग घेतलं. एकेक नाणं उचललं, कड बघितली, छोट्या तराजूवर ठेवलं, नखावर तोलून टिचकी मारून कानाशी धरलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पण कुणीच हललं नाही. मी तिला हजारदा नाणी बघताना पाहिलं होतं. पण ती पुन्हा पहिल्या नाण्याकडे वळली, मग पुन्हा दुसऱ्याकडे, आणि मला कळलं की तिला ओळखू येत नाहीये. पाकळी आता आखूड नव्हती.

तो माणूस मान किंचित वाकवून तिच्याकडे बघत होता. तो मोठ्या आशेने बघत होता, उपहासाने नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

"काम चांगलं आहे," ताई म्हणाली.

"तुमच्यामुळे."

"दोन्हींत एकच उणं आहे." तिने भिंग खाली ठेवलं. आवाज अगदी तिच्या प्रयोगशाळेतला. "चांदवडच्या चांगल्या ठशाला फुलाच्या उजव्या अंगाला एक बारीक ठिपका असतो. खसखशीच्या दाण्याएवढा. झिजलेल्या नाण्यात तो दिसत नाही. तुमच्या अस्सलमध्ये झिजलाय. म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल."

त्याने तिघांतलं एक नाणं स्वतःच उचलून डोळ्याशी धरलं. "उजव्या अंगाला," तो पुटपुटला.

"देठाच्या जरा वर."

"देठाच्या वर." त्याने मान हलवली, रुपये रुमालात बांधले आणि उठला. दारात वाकून तिच्या पायाला हात लावला. ताई मागे सरकली नाही. तो जिना उतरून गेल्याचा आवाज थांबेपर्यंत ती तशीच उभी होती, मग तिने दार लावलं आणि वरची कडीही घातली.

"त्याला कशाला सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "एवढं सगळं झाल्यावर परत शिकवलंस त्याला?"

"ठिपका नसतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चांदवडच्या कुठल्याच रुपयाला तिथे ठिपका नसतो. मला ती नाणी ओळखू आली नाहीत मीने. मला आली नाहीत, म्हणजे आता कुणालाच यायची नाहीत. निदान ठिपका तरी ओळखू येईल." ती मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. ती द्राक्षं आम्ही कुणी खाल्ली नाहीत. टोपलीत ती हळूहळू सुकत गेली.

तिला त्या युक्तीचा आनंद झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. नाण्याबद्दल आपण खोटं बोललो, हे तिला पचलं नव्हतं. पण युक्ती लागू पडली. होळीच्या सुमारास ताईने कॉम्प्युटरवरचं कापड तेवढ्यापुरतं बाजूला सारून बघितलं, तर गुलशनचे नवे रुपये आले होते, प्रत्येकाच्या फुलापाशी खसखशीचा दाणा. ताईने ओळखीच्या सगळ्या संग्राहकांना कळवलं, संकेतस्थळ चालवणाऱ्यांना लिहिलं, ठिपका असलेला चांदवडी रुपया घेऊ नका. थोड्याच दिवसांत गुलशनचं खातं दिसेनासं झालं. तो पुन्हा आला नाही, त्याचा निरोपही आला नाही. उन्हाळ्यात आम्ही ते कापड कायमचं काढलं. साळवेकाका फोनवर म्हणाले, "बेटा, तू त्याला बरोबर पकडलंस." ताई नुसतं हं म्हणाली.

नंतरच्या वर्षांत फार काही घडलं नाही. साळवेकाका गेले. ताई निवृत्त झाली, वसाहत सोडून आमच्याजवळ दोन गल्ल्या सोडून राहायला आली. तिच्या नव्या खिडकीवर राख बसत नव्हती, तरी ती सकाळी फडकं घेऊन कठडा पुसायची. इंटरनेट वेगवान झालं. चित्रं आता क्षणात उघडतात, उतरणाऱ्या रेघा बघत बसावं लागत नाही. मला वाटायचं, ते सगळं मागे पडलं.

पण ते ठिपक्याचे रुपये कुठे गेले होते? ज्यांनी आधीच घेतले होते त्यांच्या कपाटांत होते, आणि हळूहळू पुन्हा बाहेर पडत होते. विकणारी माणसं आता प्रामाणिक होती. वडिलांचं, मामांचं, सासऱ्यांचं म्हणून विकत होती. एका वर्णनात पहिल्यांदा 'ठिपका प्रकार' असा शब्द आला. पुढच्या वर्षी 'दुर्मीळ ठिपका प्रकार'. ताई पुन्हा चौकटीत लिहायला लागली, आणि उत्तरं येऊ लागली, मॅडम, तुमच्याकडे पुरावा काय? पुरावा काय देणार? हा ठिपका माझ्या डोक्यातून निघाला, तो आधी जगात नव्हता, असं तिने एकाला सरळ लिहिलं. त्याने उत्तर दिलं की मग तो इतक्या नाण्यांवर कसा?

यंदा पौषात पुन्हा धूर उतरला. गेल्या रविवारी ताईने मला बोलावून घेतलं. डोळ्यांना आता त्रास होतो, म्हणून मोठं करून बघताना तिला सोबत लागते. पडद्यावर चांदवडी रुपया होता, फुलाशी ठिपका. विक्रेता कुठल्या लांबच्या शहरातला. ताईने त्याच्याकडून कडेची, मागची, तिरक्या उजेडातली चित्रं मागवून घेतली होती. ती एकेक करून बघत गेली आणि मी तिचा श्वास बदललेला ऐकला.

"हा खरा आहे," ती म्हणाली.

"मग ठिपका?"

"रुपया खरा आहे. चांदवडचा, ठोकलेला. किती सुंदर पडलाय बघ घाव." तिने बोट खाली आणलं. "आणि हा ठिपका नवा आहे. चांदीचा दाणा वितळवून वर चिकटवलाय. भोवतीचा रंग बघ, तिथेच उजळलाय. ठिपका असला की जास्त किंमत येते ना आता. म्हणून खऱ्या नाण्यांना लावायला लागलेत."

खिडकीबाहेर पुलाच्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. ताई बराच वेळ त्या नाण्याकडे बघत होती. ठिपका मानणारे ते ठिपक्यासाठी घेणार, आणि तिचं ऐकणारे ठिपक्यामुळे खोटं म्हणून फेकून देणार. कुणाच्याच हातात ते आता नुसतं चांदवडचं नाणं राहिलं नव्हतं.

मग तिने लिहिलं. पूर्वीसारखंच नीटनेटकं, खाली नाव आणि गाव. महोदय, आपलं नाणं अस्सल आहे. त्यावरचा ठिपका मात्र अलीकडे लावलेला आहे, तशा प्रकारचं नाणं कधीच पाडलं गेलेलं नाही. कृपया वर्णन दुरुस्त करावं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. त्यात वाद नव्हता, उद्धटपणा नव्हता. धंद्यातल्या माणसाने गिऱ्हाईक सांभाळून घ्यावं तसं त्याने लिहिलं होतं: मॅडम, काही अडचण नाही. तुम्हाला बिनठिपक्याचं हवं असेल तर तसं करून देतो. घासून एकदम साफ होईल, कुणाला कळणार नाही.

ताईने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. तिने चष्मा काढून डोळे मिटले. मला वाटलं, ती आता यंत्र बंद करायला सांगेल.

"लिही," ती म्हणाली. "नाण्याला हात लावू नका. मी घेते. आहे तसंच पाठवा."

मी लिहिलं. नाव घालायच्या जागी थांबले आणि तिच्याकडे बघितलं.

"पूर्ण नाव घाल," ती म्हणाली. "आणि पत्ताही."